अंबाबाईपासून बालाजी किती लांब

आदला दिवस

प्रश्न आत्याचा. ओटीचं सामान पिशवीत लावता लावता तिनं विचारलं, "लक्ष्मी रुसून कोल्हापुरात आली म्हणत्यात, ती किती लांब आली असंल गं?"

कोल्हापुरात ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली आणि विष्णूनं जाब विचारायचा सोडून त्यांचाच पाय चेपला. ज्या छातीवर आपला वास, तिचा अपमान नवऱ्यानं गिळला, म्हणून लक्ष्मी वैकुंठ सोडून करवीरला येऊन बसली. तिच्या शोधात निघालेला विष्णू वेंकटाद्रीवर थांबला, तो बालाजी. नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो तो याच नात्यानं. तिरुपतीहून परतलेला माणूसही अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं धरत नाही.

मी तेहतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आत्याला नुसतं "लांब आहे" म्हणून मोकळं होणं मला जमेना. लॉगटेबलचं जुनं पुस्तक काढलं, कागद घेतला आणि जेवणाच्या टेबलावरच बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी विमानानं तिरुपतीला निघणार होतो, म्हणून हिशेब विमानतळापासूनच धरला.

आपला विमानतळ उजळाईवाडीत, १६.६६ अंश उत्तर आणि ७४.२९ अंश पूर्व. तिरुपतीचा विमानतळ रेणिगुंट्याजवळ, १३.६३ अंश उत्तर आणि ७९.५४ अंश पूर्व. म्हणजे आपल्याला ३.०३ अंश दक्षिणेला उतरायचंय आणि ५.२५ अंश पूर्वेला सरकायचंय. अक्षांशाचा एक अंश कुठंही मोजा, साधारण १११ किलोमीटर भरतो. म्हणून दक्षिणेकडची बाजू ३३७ किलोमीटर. रेखांशाचं मात्र तसं नाही. विषुववृत्तापासून वर सरकावं तशी रेखावृत्तं एकमेकींच्या जवळ येतात, म्हणून तिथं अक्षांशाच्या कोसाइननं गुणावं लागतं. दोन्ही गावांचा मधला अक्षांश १५ अंशांच्या आसपास, त्याचा कोसाइन ०.९६५. पूर्वेकडची बाजू आली ५६४ किलोमीटर. आता हा काटकोन त्रिकोण झाला. दोन्ही बाजूंचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ: ६५७ किलोमीटर.

एवढ्या अंतराला सपाट त्रिकोण चालतो का, असं वर्गात एखादा हुशार मुलगा हमखास विचारायचा. कोल्हापूर ते लंडन काढायचं असतं तर चाललं नसतं, तिथं गोलावरचंच सूत्र लागतं. साडेसहाशे किलोमीटरला पृथ्वीच्या वक्रतेनं पडणारा फरक इतका बारीक असतो की पेन्सिलीच्या हिशेबात तो दिसत नाही.

आत्याला विमानतळाशी कर्तव्य नव्हतं. तिला देवळापासून देऊळ हवं होतं. ते काढलं तर ६४४ आलं. हे कमी कसं? उजळाईवाडी शहराच्या आग्नेयेला, म्हणजे तिरुपतीच्या बाजूलाच थोडी पुढं आहे, त्यामुळं खरं तर ते वाढायला हवं. पण तिकडं रेणिगुंट्याचा विमानतळ तिरुमलाच्या, म्हणजे बालाजीच्या डोंगराच्याही पुढं पूर्वेला आहे, देवळापासून सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या वर. विमान बालाजीला ओलांडून पुढं जातं आणि माणसाला मागं फिरून डोंगर चढावा लागतो.

"सहाशे चव्वेचाळीस," मी सांगितलं.

"लई लांब आली की बाई," आत्या म्हणाली, आणि पिशवीची गाठ मारली.

ती गाठ मला परत सोडावी लागली. ओटीत तिनं खोबऱ्याच्या दोन वाट्या घातल्या होत्या. सुकं खोबरं तेलकट, पेट घेणारं, म्हणून विमानात चालत नाही. ते घरी ठेवलं. अडकित्ता तिच्या कमरेच्या पिशवीत होता, तो काढून मोठ्या बॅगेत टाकला, कारण तपासणीच्या दारात तो काढून घेतला असता. हा अडकित्ता तिच्या सासूचा. विमानानं पहिल्यांदा जाणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसांच्या कमरेची पिशवी आदल्या रात्री बघून घ्याच, एवढं मी कळकळीनं सांगेन.

झोपण्यापूर्वी वेळेचा हिशेब केला. आमचं विमान पंख्याचं होतं, ए.टी.आर. ७२. वर पोचल्यावर त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. ६५७ भागिले ५००, म्हणजे एक तास एकोणीस मिनिटं. तिकिटावर मात्र एक तास पंचेचाळीस मिनिटं लिहिलेली. मधली सव्वीस मिनिटं कुठं जातात? वेळापत्रकातला वेळ चाकाखालच्या अडणी काढल्यापासून पुन्हा अडणी लावेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, उडाल्यावर नेमून दिलेल्या वळणानं वाटेला लागणं, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, शिवाय आकाशातल्या ठरलेल्या बिंदूंवरून जाणारा मार्ग, जो पट्टीनं ओढलेल्या रेषेपेक्षा नेहमीच थोडा लांब पडतो. हे सगळं त्यात धरलेलं असतं. वाराही आहेच. ताशी ३० किलोमीटरचा वारा पाठीशी असला तर हेच अंतर ७४ मिनिटांत कापलं जातं, समोरून आला तर ८४ लागतात.

पहिला दिवस

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मंगळवार पेठेतून रिक्षा निघाली. विद्यापीठाच्या बाजूनं महामार्ग गाठून उजळाईवाडीला पोचायला अर्धा तास लागला. पौष महिना, गळीत हंगाम ऐन भरात. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर वाटेत चार वेळा आडवे आले आणि रिक्षावाला प्रत्येक वेळी "मावशी, विमान कितीला हाय?" विचारत होता. पोचलो तेव्हा पावणेअकरा व्हायला पाच कमी. विमान बारा चाळीसचं. दोन तास आधी या म्हणतात ते उगीच नाही. सुटण्याच्या तासभर आधी सामान घ्यायची खिडकी बंद होते.

हा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. भारतात बोटांवर मोजण्याइतक्या गावांना विमान माहीत होतं तेव्हा करवीर संस्थानानं माळावर धावपट्टी आखली, याचा अभिमान आम्हा कोल्हापूरकरांना आहे आणि असायलाच हवा. पुढं कित्येक वर्षं इथून नियमित प्रवासी विमान नव्हतं, तेव्हा तो अभिमान जरा दुखायचा. उडान योजनेनंतर २०१८-१९ पासून हैदराबाद, बेंगळुरू, तिरुपती अशी नावं फलकावर दिसू लागली. नव्या इमारतीचं उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झालं. कमानी बघून आत्यानं दारातच हात जोडले. तिला ते देवळासारखं वाटलं असावं. मी काही बोलले नाही, कारण मलाही गळ्याशी दाटून आलं होतं. माझे वडील, तिचे थोरले भाऊ, याच माळावर सायकलनं विमान बघायला यायचे. विमान आलेलं त्यांना दोनदाच दिसलं.

विमान उशिरा आलं. मागच्याच गावाहून ते उशिरा निघालं होतं. लहान विमानतळावर तेच विमान येतं आणि तेच परत जातं, त्यामुळं सकाळी कुठंतरी झालेला उशीर दुपारी आपल्यापर्यंत पोचतो. आत्यानं तेवढ्यात दशम्या सोडल्या. शेजारच्या बाकावर इचलकरंजीचं एक कुटुंब होतं, तेही तिरुपतीलाच. दशमीबरोबर शेंगदाण्याची चटणी तिकडं गेली, तिकडून भडंग इकडं आलं.

एक वाजून वीस मिनिटांनी दार बंद झालं. मी वहीत वेळा टिपत होते. एक एकतीसला चाकं जमिनीवरून सुटली.

ए.टी.आर.चं एक मोठं सुख आहे. पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळं खालचं सगळं उघडं दिसतं. एका ओळीत दोन आणि दोन आसनं, मधलं आसन कुणालाच नाही. चढायचं मागच्या दारानं, पायऱ्या थोड्याच; गुडघे धरलेल्या माणसालाही झेपतात. मागं बसलं तर पंख्यांचा घरघराट कमी लागतो. आत्याला मी उजवीकडची खिडकी दिली, मुद्दाम. का ते पुढं सांगते.

आधी ऊस. इतका ऊस एका नजरेत मी कधी पाहिला नव्हता. मधून साखर कारखान्यांची धुराडी, मधून नदीची वळणं, मग पुन्हा ऊस. पंधरा-वीस मिनिटांत तो विरळ होत गेला. जमीन काळी, मग करडी, मग तांबूस झाली. पाठीमागं गगनबावड्याला हजारोंनी मिलिमीटर पाऊस पडतो आणि आम्ही ज्या अनंतपूरवरून जाणार होतो तिथं वर्षाला सहाशेही भरत नाही. सह्याद्रीच्या पाठीमागचा पर्जन्यछायेचा प्रदेश मी फळ्यावर रंगीत खडूनं तेहतीस वर्षं काढला. तो असा तासाभरात खिडकीखालून सरकत जाईल असं वाटलं नव्हतं. माझ्या वर्गातली सगळी मुलं त्या वेळी माझ्याबरोबर असायला हवी होती.

आता उजव्या खिडकीचं कारण. कोल्हापूर ते तिरुपती सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती बदामीजवळून जाते, मग हंपीजवळून, आणि तिचा बरोबर मध्य येतो बळ्ळारी शहरावर. बरोबर म्हणजे अगदी किलोमीटर-दीड किलोमीटरच्या फरकानं. चालुक्यांची राजधानी आणि विजयनगरची राजधानी, दोन्ही एका रेघेवर. आणि त्या रेघेच्या उजवीकडं वीसेक किलोमीटरवर तुंगभद्रेचं धरण.

ते दिसलं. वैमानिकानं १९ हजार फूट उंची सांगितली होती, म्हणजे पावणेसहा किलोमीटर. तिथून ते पाणी पत्र्याच्या तुकड्यासारखं चमकत होतं आणि अलीकडं धोंड्यांच्या टेकड्या, कुणीतरी सुपातून ओतल्यासारख्या. मी आत्याला म्हटलं, "ही तुंगभद्रा. हरिप्रियानं जाताना होसपेट येतं बघ, ते तिथं." तिनं कपाळ काचेला टेकवलं. हरिप्रिया ही कोल्हापूर-तिरुपती रेल्वेगाडी. तिनं आत्या अकरा वेळा तिरुपतीला गेलेली. त्याआधी १९७४ मध्ये आतोबांबरोबर मिरजेला गाडी बदलून मीटरगेजनं गेली होती.

"होसपेटला चहा घ्यायचे ते," एवढंच ती म्हणाली. आतोबांना जाऊन सहा वर्षं झाली.

इतक्या उंचीवरून गेल्यानं अंतर वाढतं का, असा प्रश्न मला त्या शांततेत पडला आणि मी तो सोडवला. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, त्यात पावणेसहा मिळवले तर वर्तुळ हजारात एका भागानं सुद्धा मोठं होत नाही. ६५७ किलोमीटरला जेमतेम सहाशे मीटरची भर.

उतरताना आत्याचे कान दुखले. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आणि तिरुपतीचा शंभराच्या थोडा वर. आपण पठाराच्या माथ्यावरून निघून त्याच्या पूर्वेच्या पायथ्याशी उतरतो. खडीसाखर चघळायला दिली. शेषाचलमचे डोंगर डावी-उजवी करत वर आले आणि दोन सत्तावन्नला चाकं टेकली. तीन वाजून तीन मिनिटांनी विमान थांबलं. सामान, टॅक्सी, तिरुपती गावातली खोली हे सगळं उरकेपर्यंत चार वीस.

वहीतला हिशेब असा. घरापासून खोलीपर्यंत सहा तास दहा मिनिटं. त्यातली हवेत ८६ मिनिटं, पावभागाहूनही कमी. विमानाच्या वेळेवर भरवसा ठेवून जे लोक त्याच संध्याकाळचं दर्शन धरतात त्यांची फार ओढाताण होते, इचलकरंजीच्या त्या कुटुंबाची झालीच. विमानाचा दीड तास डोक्यात धरू नये, पुरता दिवस धरावा.

संध्याकाळ लवकर झाली. घड्याळ देशभर एकच, पण सूर्य एक रेखांश ओलांडायला चार मिनिटं घेतो. सव्वापाच रेखांश पूर्वेला आल्यावर माथ्यावरचा सूर्य आपल्याकडच्यापेक्षा एकवीस मिनिटं आधी येतो. आत्यानं "आज दिवा लवकर लावाय पायजे" म्हणून बॅगेतून निरांजन काढलं.

दुसरा दिवस

पहाटे डोंगराच्या पायथ्याच्या अलिपिरीहून बसनं वर तिरुमलाला. पायी जाणारे साडेतीन हजारांवर पायऱ्या चढत होते, त्यांच्या "गोविंदा"चा आवाज अंधारात बसपर्यंत येत होता. वर जायचा घाट १९७४ सालचा आणि उतरायचा १९४४ चा, दोन्ही वेगळे, म्हणून वळणावर समोरून गाडी येत नाही. १९७४ म्हणजे आत्या पहिल्यांदा आली तेच वर्ष.

या घाटात दगडांचा एक थर दाखवण्यासारखा आहे. खाली अतिप्राचीन ग्रॅनाइट, वर त्याच्या कोट्यवधी वर्षांनंतरचा क्वार्टझाइट, आणि दोहोंच्या मधल्या काळाचं काहीच शिल्लक नाही. भूवैज्ञानिक याला विसंगती म्हणतात आणि ते ठिकाण राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. बस थांबत नाही. मी मान वळवून वळवून बघितलं.

तीनशे रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आधीच ऑनलाइन काढलेलं होतं. तरी रांगेत तीन तास चाळीस मिनिटं गेली आणि देवापुढं काही श्वास. आत्या बाहेर येऊन ओट्यावर बसली आणि बराच वेळ बोलली नाही. मी तिच्याजवळ बसले. या देवळात कृष्णदेवरायाची दोन्ही राण्यांसह धातूची मूर्ती आहे, हात जोडलेली. काल ज्या हंपीवरून आम्ही आलो तिथून तो राजा घोडे, पालख्या, हत्ती घेऊन इथं यायचा. त्याला किती दिवस लागत असतील, हे माझ्या मनात दिवसभर घोळत राहिलं.

अन्नप्रसादात केळीच्या पानावर भात, सांबार. लाडू घेतले आणि उन्हं उतरायच्या आत खाली आलो.

तिसरा दिवस

तिरुचानूर तिरुपतीपासून पाचेक किलोमीटर. बालाजीची पत्नी पद्मावती, तिचं देऊळ. आत्यानं ओटीची पिशवी सोडली तेव्हा मला कळलं की आत दोन पुड्या होत्या. दोन खण, दोन नारळ, दोन हळकुंडं. एक ओटी पद्मावतीची, दुसरी अंबाबाईची. "दोघींचं सारखं असाय पायजे," ती म्हणाली. खोबऱ्याच्या वाट्याही म्हणूनच दोन होत्या. मग मी तिथल्याच दुकानातून दोन वाट्या घेतल्या. परतीला रेल्वेच होती, अडचण नव्हती.

परतीला हरिप्रिया हा आत्याचा हट्ट. मला तो पटला. एकाच प्रवासात आकाशातली रेघ आणि जमिनीवरची रेघ दोन्ही मोजायला मिळणार होत्या. गाडी रात्रीची. खालचे बर्थ मिळाले, दशम्या संपल्या होत्या म्हणून इडल्या बांधून घेतल्या.

चौथा दिवस

कडप्पा, गुंतकल झोपेत गेलं. बळ्ळारीला अंधार होता. मी उठून दारात उभी राहिले. तीन दिवसांपूर्वी आम्ही याच्या आसपास कुठंतरी डोक्यावरून गेलो होतो. होसपेटला उजाडलं. आत्या आधीच उठून बसली होती. मी खाली उतरून दोन चहा आणले. तिनं कप दोन्ही हातांत धरला, पण गाडी हलेपर्यंत प्यायला नाही.

गदग, हुबळी, धारवाड. खिडकीबाहेर पुन्हा झाडी सुरू झाली आणि गाडी लोंढ्याला आली. इथं मी नकाशा पसरला, कारण आदल्या रात्रीपासून एक गोष्ट मला खुणावत होती. लोंढ्याचा रेखांश साडेचौऱ्याहत्तर. कोल्हापूरचा सव्वाचौऱ्याहत्तर. म्हणजे लोंढ्याला आलो की पूर्व-पश्चिम हिशेबात आपण कोल्हापूरच्या दारातच असतो, पंचवीस-तीस किलोमीटर उरलेले. आणि रुळांवरून अजून दोनशेच्या वर किलोमीटर बाकी! गाडी आता उत्तरेला बेळगावला चढणार, तिथून घटप्रभा, कुडची करत कोल्हापूरला ओलांडून वर मिरजेला जाणार आणि मग पश्चिमेला वळून घरी येणार. जातानाही हेच उलटं. दक्षिणेतल्या देवाला निघालेली गाडी आधी ईशान्येला मिरजेला जाते आणि पाच-सहा तास चालूनही पूर्वेला जवळपास काहीच सरकलेली नसते.

रुळांनी ती अशी वळणं का घेतली याला कारणं आहेत. मिरज हे जुनं जंक्शन, लोंढा गोव्याकडं उतरणाऱ्या फाट्यावरचं. कोल्हापूर या सगळ्यात मिरजेपासून निघालेल्या एका फांदीचं टोक आहे, रूळ पुढं जातच नाहीत. कोल्हापूरहून कोकणात वैभववाडीला रूळ नेण्याची मागणी आम्ही किती वर्षं ऐकतोय. नकाशा समोर असला की ती मागणी नुसती भावनेची राहत नाही.

एकूण रेल्वेचं अंतर नऊशे किलोमीटरच्या घरात, वेळ एकोणीस-वीस तास. ताशी सरासरी शेहेचाळीसेक किलोमीटर. पण सरळ रेषेतले ६४४ धरले तर हाच वेग तेहतीसवर येतो. विमानाचा प्रवास घर ते खोली धरला तर तो शंभराच्या थोडा वर पडतो, ताशी पाचशे नव्हे. तरी तिप्पट आहे, आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या कमरेला तो तिप्पट फरक चांगलाच कळतो. जाताना विमान आणि येताना गाडी हा क्रम मी प्रत्येकाला सुचवेन. दर्शनाच्या रांगेत उभं राहायला पाय ताजे लागतात. परतीला झोपून यायला हरकत नसते. तिरुपतीची थेट विमानसेवा रोजची असेलच असं नाही, ती मध्ये बंदही पडलेली आहे, तेव्हा वार बघूनच बेत आखावा. थेट नसेल तर हैदराबादमार्गे. कोल्हापूर-हैदराबाद ४४५ आणि हैदराबाद-तिरुपती ४१८, मिळून ८६३ किलोमीटर, आणि मधे थांबण्याचे तास वेगळे.

कोल्हापुरात उतरलो तेव्हा उन्हं कलती झाली होती. घरी जाऊन सामान टाकू म्हटलं तर आत्या ऐकेना. स्टेशनावरून थेट महाद्वार. बॅगा ओळखीच्या फुलवालीकडं ठेवल्या. रांग फार नव्हती. आत्यानं दुसरी ओटी भरली, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, खण, आणि त्यावर तिरुपतीचा एक लाडू ठेवला. पुजाऱ्यांनी लाडू ओळखला. अंगारा देताना त्यांनी तिला थोडं जास्त वेळ थांबू दिलं.

बाहेर गरुड मंडपात टेकलो. आत्यानं पिशवीतून माझा तो कागद काढला, ६५७ आणि ६४४ लिहिलेला. चार दिवस तो तिच्याजवळच होता.

"आता पंढरपूर काढ बघू," ती म्हणाली.

मी कागदाच्या मागं आकडे मांडले. अक्षांशाचा जवळजवळ एक अंश, रेखांशाचा एकाहून थोडा जास्त. एकशे साठ.

"सरळ?"

"सरळ."

"मग एष्टीनं दोनशे तरी धर," आत्या म्हणाली. "एकादशीच्या आधी जाऊया."